डावीकडे वळून बारा किलोमीटर

भाची यंदा शिष्यवृत्तीला बसली आहे. रविवारी सकाळी ती सराव प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आमच्याकडे येते आणि बैठकीच्या खोलीत थंडगार फरशीवर पालथी पडून सोडवत बसते. मी आपली भाजी निवडत समोर. परवा बुद्धिमत्ता चाचणी चालू होती. 'मीना घरापासून दक्षिणेकडे ५ किमी चालत गेली. नंतर डावीकडे वळून ती १२ किमी चालली. तर ती घरापासून किती अंतरावर व कोणत्या दिशेला आहे?' भाचीने पेन्सिलने वरून खाली एक रेघ ओढली. मग थांबली. एकदा दाराकडे बघून घेतलं, कागद उचलला आणि सरळ उलटा केला. आता रेघेचं टोक वर आलं. तिथून डाव्या हाताला लांब रेघ ओढली, कागद परत सुलटा केला, पर्यायांवर नजर टाकली आणि गोळा काळा केला : १३ किमी, आग्नेय. उत्तर बरोबर होतं. तरीही तिने माझ्याकडे बघून दबक्या आवाजात सांगितलं, "मावशी, कागद फिरवला ते क्लासच्या बाईंना सांगू नकोस हं. त्या ओरडतात."

बाईंचं म्हणणं मला कळतं. दीड तासात ७५ प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येक वळणाला कागद गरगरा फिरवत बसलं तर शेवटची पानं कोरी राहायची. उत्तर वर, दक्षिण खाली हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की दक्षिणेकडे चालणाऱ्याची डावी म्हणजे आपली उजवी, हे झटक्यात सुचायला हवं. सरावानं सुचतंही. तरी दिवसभर ते माझ्या डोक्यातून जाईना. दुपारी भाकरी करताना, संध्याकाळी दूध आणायला गेल्यावर, मधेच ती उलट्या कागदावर वाकलेली मान आठवायची.

तिनं वावगं काय केलं होतं?

बाई मीनाकडे घारीसारख्या वरून बघत होत्या आणि भाची मीनाच्या चपला घालून रस्त्यावर उतरली होती, एवढाच काय तो फरक. गाडीत बसल्यावर आपण मोबाइलवर नकाशा लावतो तेव्हा तोही आपल्या तोंडाप्रमाणे वळत राहतो. जायची दिशा कायम वर. उत्तर वर ठेवून नकाशा स्थिर करायची सोय त्यात असते, पण माझ्या ओळखीत ती कुणी वापरत नाही. सबंध शहर चाळिशीच्या पुढे कागद फिरवत हिंडतंय आणि दहा वर्षांच्या पोरीला मात्र त्याची चोरी.

आमच्या वेळी ही परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची, पाचवी-आठवीला ती २०१६-१७ पासून गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत क्लास वगैरे भानगड नव्हती. गुरुजी शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे. त्यांनी दिशा शिकवल्या त्या मैदानावर, कबड्डीची रेघ मारायला आणलेल्या फक्कीने. सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं करायचे. समोर पूर्व, पाठीला पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. मग प्रश्न वाचायचे आणि एकाला चालवायचे, एक पाऊल म्हणजे एक किलोमीटर. बाकीच्यांनी त्याच्या मागून फक्कीची रेघ मारत जायचं. दव पडलेल्या गवताचा वास, पायाला टोचणारे सराटे, आणि "उजवीकडे म्हणजे तुझ्या उजवीकडे रे, माझ्या नव्हे!" हे गुरुजींचं ओरडणं अजून कानात आहे. एकदा त्यांना कुणीतरी हाक मारली म्हणून ते फाटकापर्यंत गेले आणि गप्पांत रमले. पश्चिमेकडे निघालेला आमचा गडी 'थांब' कुणी म्हणालं नाही म्हणून कुंपण ओलांडून पार विहिरीपर्यंत पोचला होता.

हे प्रश्न मला तेव्हाही आवडायचे आणि आजही वर्तमानपत्राच्या पुरवणीत दिसले की मी सोडवते. त्यांची एक गंमत आहे. त्यातली माणसं फार शहाण्यासारखी चालतात. कायम काटकोनात वळतात. तीन चालली की चार चालतात, पाच चालली की बारा, आठ चालली की पंधरा, म्हणजे घरापासूनचं अंतर बरोबर पाच, तेरा, सतरा असं गोळीबंद यावं. या जोड्या काही आजच्या गाइडवाल्यांनी शोधलेल्या नाहीत. तीन-चार, बारा-पाच, पंधरा-आठ, सात-चोवीस अशी यादी बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे, यज्ञवेदी दोरीने आखायच्या प्रकरणात. वेदीच्या कोपऱ्यासाठी पाठ केलेले आकडे आता पोलीस भरतीच्या पोरांना पाठ असतात. दिशेच्या बाबतीत मात्र प्रश्न काढणारे फारच सैल सोडतात, आणि इथं मला राहवत नाही. आठ दिशा धरल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ४५ अंश येतात, म्हणजे ऐन पूर्वेच्या दोन्ही अंगांना साडेबावीस-साडेबावीस अंश ही पूर्वेचीच हद्द. मीना पूर्वेपासून दक्षिणेकडे किती कलली आहे, तर २२.६ अंश. आग्नेयेच्या हद्दीत ती जेमतेम एक दशांश अंशानं आली आहे, उंबऱ्यावर टेकवलेल्या अंगठ्याएवढी. तीच जर ७ किमी दक्षिणेला आणि २४ किमी पूर्वेला गेली असती, तर कलते फक्त सव्वासोळा अंश. मग उत्तरपत्रिकेत 'आग्नेय' छापलेलं असलं तरी ती खरं म्हणजे पूर्वेलाच आहे. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, एवढं नसतं गं परीक्षेत."

काटकोनात चालणारी माणसं मी खरोखरची पाहिली आहेत. आजोबा मोजणी खात्यात होते. साखळी ओढणाऱ्यापासून सुरुवात करून वर चढलेले. ती साखळी आमच्या माळ्यावर पुढे कितीतरी वर्षं पडून होती. लोखंडी कड्यांची, तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा सारख्या भागांची. उचलली की छुमछुम वाजायची आणि तळहाताला गंजाचा तांबूस वास राहायचा, साबणानंही न जाणारा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, असे चाळीस झाले की एकर. आजही प्लॉटच्या जाहिरातीत गुंठ्याचा भाव वाचताना मला ती छुमछुम ऐकू येते. शेतातून सरळ रेघ धरून जायचं, शंकू रोवायचा, त्याच्या खाचेतून डोळा लावून काटकोन बघायचा, मग काटकोनात बांधापर्यंत मोजायचं, परत रेघेवर यायचं, पुढे सरकायचं. बांध कितीही वेडावाकडा असो, त्याचा हिशेब अशा सरळ जाण्यातून आणि काटकोनात वळण्यातून निघायचा. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर एकदा गेले होते. दोन सख्खे भाऊ साखळीच्या दोन बाजूंना उभे होते, एकमेकांकडे न बघता. पुढच्या गड्याने साखळी ताणली, मागच्याने आकडा पुकारला आणि थोरल्याच्या तोंडावरची रयाच गेली. हातभर जमीन असेल नसेल. आजोबा वहीतून मान वर न करता लिहीत राहिले. घरी येताना म्हणाले, "साखळीला भावकी कळत नाही, हेच बरंय."

या नोकरीचा परिणाम म्हणजे आजोबांना डावं-उजवं माहीतच नव्हतं. घरातही त्यांच्या दिशा चालू असायच्या. "जरा उत्तरेला सरक, पंख्याचं वारं अडतंय." "आग्नेयेच्या कोपऱ्यातली कळशी आण." पंगतीत पानाच्या पश्चिमेला मीठ वाढा म्हणाले होते ते सगळ्या भावकीत अजून चघळलं जातं. लग्नाच्या मांडवात, परक्या गावात, एस्टीतून उतरल्या उतरल्या त्यांना उत्तर कुठे आहे ते कळायचं. विचारलं तर सांगता यायचं नाही. डोकं वर करून आभाळाकडे बघायचे, एवढंच. म्हातारपणी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुंबईला नेलं तेव्हा दवाखान्यात, बिनखिडकीच्या खोलीत, पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच : माझं डोकं कुठल्या दिशेला केलंय? कुणालाच सांगता येईना. शेवटी वडलांनी ठोकून दिलं, "पूर्वेला." मग झोपले.

हिशेबानं चालणारा सगळ्यात मोठा माणूस मात्र नैनसिंग रावत. कुमाऊंच्या या शाळामास्तराला इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यानं डेहराडूनला नेऊन एकसारखं पाऊल टाकायला शिकवलं. चढ असो, उतार असो, पाऊल तेवढंच. १८६५ साली तो वेष पालटून तिबेटात निघाला. हातात जपमाळ, पण १०८ मण्यांची नव्हे, १०० मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. दोन हजार पावलांना एक मैल. वाटेतल्या दिशा आणि आकडे टिपलेले कागद प्रार्थनाचक्राच्या पोटात दडवलेले. १८६६ च्या जानेवारीत तो ल्हासाला पोचला आणि परतला तेव्हा ल्हासा नकाशावर नेमकं कुठे टाकायचं हे ठरवण्याएवढे आकडे त्याच्याजवळ होते. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं त्याला सुवर्णपदक दिलं. 'एक माणूस निघाला, इतकं चालला, वळला, तर तो कुठे आहे' हा प्रश्न त्यानं तळपायांनी सोडवला, तोही बिंग फुटलं तर मान जाईल अशा मुलखात. अशा वेळी मणी मोजायचं भान कसं राहत असेल, मला कल्पनाच करवत नाही. मी जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागले तरी दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी "काय म्हणताय?" विचारतं आणि आकडा जातो.

आणि याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आमची संगमेश्वरची आजी. तिच्याकडे दिशेचे प्रश्न नव्हते, चकवा होता. रात्री कुणी एकटा रानातून निघाला की त्याला चकवा लागायचा. माणूस चालतोय, चालतोय, ओढा ओलांडतोय, आणि पुन्हा त्याच आंब्याखाली येतोय. अशा वेळी काय करायचं तेही ती सांगायची : जिथं असशील तिथं बूड टेकायचं आणि उजाडेपर्यंत उठायचं नाही. कंदिलाच्या उजेडात, बाहेर पाऊस कोसळत असताना हे ऐकताना आम्ही पाय पांघरुणात ओढून घ्यायचो. खूप नंतर, २००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमन आणि मंडळींचा एक प्रयोग वाचला. त्यांनी लोकांना घनदाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात नेऊन सोडलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. आभाळ झाकोळलं, चंद्र मावळला, की वळत वळत स्वतःच्याच वाटेवर परत येऊ लागले, आणि आपण सरळच चालतोय याची त्यांना खात्री. डोळे बांधलेली माणसं तर कधीकधी वीसेक मीटरच्या गोलात फिरत राहिली. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस एकाच बाजूला वळतो असं लोक सांगायचे, तेही खरं निघालं नाही. तोच माणूस कधी डावीकडे वळायचा, कधी उजवीकडे. आपल्याला सरळ म्हणजे काय हे आतून कळतच नाही, बाहेर काहीतरी लागतं, सूर्य, डोंगर, देवळाचा कळस. आजीचा उपाय शास्त्राला धरून होता म्हणायचा. भुताचं तेवढं ती आणि ते सौमन बघून घेतील.

वाचल्यापासून आजोबांच्या त्या पट्टीबंद डोळ्यांची मला जास्त कीव येते.

सकाळी मी आमच्या जवळच्या मैदानावर फिरायला जाते. तिथं भरतीची पोरं असतात. अंधार असतानाच येतात, बनियन, फाटके बूट, मोबाइलवर घड्याळ लावलेलं. १६०० मीटर म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर चार राउंड. ५ मिनिटं १० सेकंदांत मारले तर वीसपैकी वीस. धावून आले की गुडघ्यांवर हात टेकून, जमिनीकडे बघत श्वास घेत राहतात, घामाचे थेंब धुळीत पडतात. त्यातला एक रोजच्या ओळखीचा झालाय, नातेपुत्याच्या बाजूचा. भिजवलेले हरभरे खात कट्ट्यावर बसतो, मांडीवर प्रश्नसंच. मैदानी चाचणी त्याची पक्की आहे, लेखीत बुद्धिमत्ता अडते. मी त्याला भाचीच्या कागदाची गोष्ट सांगितली तर तो हसला. "काकू, मी तर बोट फिरवतो. कागद फिरवला की शेजारचा बघतोय म्हणून सुपरवायझर येतो." मग स्वतःच म्हणाला, "तसं बघितलं तर आम्ही रोज सोळाशे मीटर पळतो आणि असतो तिथंच की. अंतर शून्य, दिशा नाही. मार्क मात्र वीस."

मला हे फार आवडलं. मी म्हटलं, चल, तुला तुझ्या गावावरून जाणारा प्रश्न घालते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघाली, पंढरपूरला पोचली. तर आळंदीपासून किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला? वाट त्याला तोंडपाठ होती. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. मोबाइलवर दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश काढले. आळंदीपासून पंढरपूर एक अंश दक्षिणेला, म्हणजे साधारण १११ किलोमीटर. पूर्वेला सुमारे दीडशे. त्याने पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर वर्ग केले, बेरीज केली, वर्गमूळ अडलं तेव्हा मोबाइल काढला. सरळ रेषेत पावणेदोनशे ते एकशे नव्वदच्या मधे कुठेतरी. दिशा आग्नेय, आणि इथं उंबऱ्याचा वगैरे प्रश्न नाही, चांगली आग्नेयेच्या पोटात. पायी मात्र अडीचशेच्या आसपास भरतं. वरचे साठ-सत्तर किलोमीटर कुठे गेले ते आम्ही बोटानं शोधत बसलो. पहिलाच टप्पा आळंदी ते पुणे, तो तर जवळजवळ दक्षिणेला जातो, पंढरपूर पूर्वेकडे आणि पालखी उलट किंचित पश्चिमेकडे सरकते. मग दिवेघाटाचा चढ. नकाशावर दोन पोचटशा वळणांचा दिसतो, पण तिथं पायाखालची खडी, आभाळातून सरीवर सर, ओल्या घोंगडीचा आणि गर्दीच्या घामाचा एकत्र वास, पुढच्याच्या टाचेवर आपला पाय. मी पुण्याहून सासवडपर्यंतच चालले आहे, दर वेळी तेवढीच, आणि त्या चढावर दिशा कुठली हा प्रश्न कधी डोक्यात आलेला नाही. पुढे दक्षिणेला नीरा ओलांडून लोणंद, तिथून बहुतेक पूर्व.

"आणि रिंगण धरलंच नाही तुम्ही," तो म्हणाला. "पुरंदवड्याला गोल रिंगण असतं. घोडा एवढा पळतो, टाचेखालची माती घ्यायला लोक तुटून पडतात. तुमच्या हिशेबात त्याचं शून्य."

शून्यच, मी म्हटलं. हिशेबच तसा आहे. निघालो कुठून आणि आता आहोत कुठे एवढंच तो विचारतो. मधलं सगळं वजाबाकीत जातं. आजोबांच्या हिशेबातून त्या थोरल्या भावाचा चेहरा असाच गेला.

त्याने थोडा विचार केला आणि पेन उचलून आमच्या सगळ्या गणितावर एक तिरकी रेघ मारली. म्हणाला, काकू, प्रश्नच अर्धा घातलाय तुम्ही. पालखी पोचली म्हणून संपलं कुठं? पौर्णिमेचा काला झाला की परतवारी निघतेच ना. तोच रस्ता, पण जाताना पंधरा दिवसांच्या वर लागतात आणि येताना दहा-अकरा दिवसांत आळंदी. पहाटेच निघतात, भराभर चालतात. टीव्हीवाले नसतात, मंडप नसतात, टँकरसुद्धा कमी. पादुका आळंदीतून निघाल्या आणि आळंदीत पोचल्या, म्हणजे लिहा, शून्य.

"पर्यायात नसेल तर?" मी विचारलं.

"यांपैकी नाही," तो म्हणाला आणि उरलेले हरभरे माझ्यापुढे केले. "आमची आई तर परतीलाच जाते दर्शनाला. जाताना कुठलं हो, पादुकांपर्यंत हातच पोचत नाही."